फुकट न्हाई, मोकळं

सकाळी सव्वासहाला दौंड स्टेशनसमोरून आमच्या कंपनीची बस सुटायची, तेव्हा तिच्यात पन्नास माणसं झोपलेली असायची. त्यातली चाळीस झोपेचं सोंग घेतलेली. याचं कारण दिगंबर रणपिसे.

रणपिसे बसमध्ये कधी बसायचे नाहीत. एका हाताने वरची दांडी धरायची, दुसऱ्या हातात पाठकोऱ्या कागदांची चळत घ्यायची आणि मधल्या वाटेनं हिंडत, ज्याचे डोळे उघडे दिसतील त्याला गाठायचं.

"शितोळे, 'अनडू'ला आपल्यात काय म्हणतात?"

शितोळे म्हणजे मी. कुरकुंभच्या एका औषधी रसायनांच्या कारखान्यात स्टोअरला होतो. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची ही गोष्ट. सकाळी सव्वासहाला मला माझं नाव धड आठवत नसे, आणि हा माणूस 'अनडू' विचारत होता.

"काय डू?"

"अनडू. समजा तुम्ही एक काम केलं, ते चुकलं. आता ते केलंच न्हाई असं करायचं हाय. त्याला काय म्हणायचं?"

"पश्चात्ताप," मी म्हणालो आणि खिडकीकडे तोंड केलं.

त्यांनी ते लिहून घेतलं. हाच तर खरा वैताग होता. चेष्टेत दिलेलं उत्तरसुद्धा हा माणूस लिहून घ्यायचा, त्यावर विचार करायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचा, "पश्चात्ताप बसत न्हाई शितोळे. बटनाच्या मानानं लई लांब होतो."

त्या एका शब्दापायी आठवडा गेला. पुण्याहून येणारे शिफ्ट इनचार्ज म्हणाले, "पूर्ववत करा." रणपिसे म्हणाले, "पूर्ववत म्हंजी काय, हे आधी ड्रायव्हरला इचारा." ड्रायव्हरला वाटलं, पूर्वेकडे वळायचं आहे. लोडिंगवरचा एक बिहारी पोरगा म्हणाला, "वापस." कुणी म्हणालं "माघारी." शेवटी कॅंटीनमध्ये पोळ्या करणाऱ्या मंगलबाई, ज्या घरी ब्लाउज शिवायच्या, त्या पोळी उलटता उलटता म्हणाल्या, "टाका चुकला तर आम्ही उसवतो बाई."

रणपिसे भरल्या ताटावरून उठले. "उसवा!" असं ओरडले आणि हात न धुताच लिहायला बसले. मंगलबाईंना वाटलं पोळीत खडा लागला.

हे सगळं कशासाठी, तर कॉम्प्युटर मराठीत आणायचा होता. तोही साधासुधा नाही, लिनक्सवाला.

रणपिसे आमच्याच कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काडी, खिशाला दोन पेनं आणि एक टेस्टर. लग्न केलेलं नाही. दौंडला आमच्या चाळीत माझ्या शेजारची खोली त्यांची. तिथं एक पलंग, बुद्धाची तसबीर आणि उघड्या पोटाचा एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरला त्यांनी कधी झाकण बसवलंच नाही. "आत काय हाय ते दिसलं पायजे," असं ते म्हणायचे, आणि हे ते सगळ्याच बाबतीत म्हणायचे. आमचा मिक्सर त्यांनी खोलून पाहिला होता. टीव्हीचा रिमोट खोलला होता. वस्तू परत यायची ती चालू स्थितीत यायची, हे कबूल करायला हवं, पण बरोबर एखादा जास्तीचा स्क्रूसुद्धा यायचा. "हा लागत न्हाई. कंपनीनं उगाच लावलेला," असं म्हणून ते तो स्क्रू माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, हातावर ठेवायचे.

एकदा भांडगावला आमच्या गावच्या लग्नात मी त्यांना नेलं, तर हे आचाऱ्याच्या मागं जाऊन उभे. आमटीत काय काय घातलं ते विचारून लिहून घेतलं आणि तो कागद आमच्या चाळीच्या जिन्यात चिकटवला. खाली लिहिलं, 'कुणीही करावी, बदल करावा, दुसऱ्याला सांगावी.' आचारी दौंडचाच. तो मला बाजारात गाठून जे बोलला ते इथं लिहीत नाही.

लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सीड्या त्यांना पुण्याहून मिळायच्या. तिथं म्हणे असलीच माणसं महिन्यातून एकदा जमतात. ते मला समजावून सांगायचे, "हे बघा. लिवणाऱ्यांनी लिवलं आन् आतली सगळी कागदं उघडी ठेवली. कुणीबी वाचा, कुणीबी दुरुस्त करा, कुणालाबी द्या."

"म्हणजे फुकट," मी म्हणायचो.

हा शब्द त्यांच्यापुढे काढायचा नसतो हे मला दर वेळी उशिरा आठवायचं.

"फुकट न्हाई, मोकळं!" त्यांचा आवाज चढायचा. "फुकट म्हंजी देणाऱ्याची मर्जी. मोकळं म्हंजी आपला हक्क. गावचा आड सगळ्यांना मोकळा असला तर ते मोकळं. कुणी वरनं ओंजळीत ओतलं तर ते फुकट." मग आवाज एकदम खाली यायचा. "आमच्या आजानं फुकटचं पाणी लई प्यालंय, शितोळे."

आमच्या भांडगावच्या आडावर माझा आजा कुठं उभा असायचा हे मला ठाऊक होतं. मी विषय बदलायचो. पण ते बदलू देतील तर ना! लगेच चळतीतला कागद निघायचा. एका ओळीला इंग्रजी, खालची ओळ रिकामी. अशा हजारो ओळी. देशभरातली माणसं आपापल्या भाषेत त्या भरत होती म्हणे, आणि मराठीतल्या काही ओळी दौंडच्या वाट्याला, म्हणजे रणपिशांच्या वाट्याला आल्या होत्या. म्हणजेच आमच्या बसच्या.

इथपर्यंत मी सहन केलं. पुढचं ऐका.

आमच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा जुन्यातला एक मी घरी आणला. सुनंदाने त्याला क्रोशाचा रुमाल केला. त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाचं, सुनीलचं लग्न ठरलं, आणि मी घरात जाहीर केलं की पत्रिका मी स्वतः कॉम्प्युटरवर करणार.

आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरी कोण हे कुणी वाचत नाही. वाचतात ती निमंत्रकांची यादी. कुणाचं नाव कुणाच्या वर, हे ठरवायला भावकीच्या चार बैठका झाल्या. सोसायटीचे चेअरमन आधी की माजी सरपंच आधी, यावर एक अख्खी दुपार गेली. शिरूरचे हौसेरावमामा, म्हणजे आमच्या आईचे थोरले भाऊ, पहिले हे नक्की. आणि सगळ्यांत शेवटी, तीस वर्षं आमची गुरं राखणारे अंकुशतात्या. ते नाव मी माझ्या मनाने घातलं होतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. माझ्या हातातल्या कागदावर इतके बाण, इतक्या फुल्या आणि इतकी खाडाखोड झाली की तो लढाईचा नकाशा दिसायला लागला. ते सगळं मी कॉम्प्युटरवर नीट उतरवलं, साठवलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. चालू केला की बंद व्हायचा. मी सेकंड शिफ्टला निघालो होतो, रणपिशांची त्या आठवड्यात नाइट होती. जाता जाता रणपिशांच्या दारावर थाप मारली आणि म्हणालो, "जरा बघता का?"

"पाच मिनिटांचं काम," रणपिसे म्हणाले.

ड्युटी करून परत आलो तर पडद्यावर लिनक्सचा पेंग्विन बसलेला.

"ह्याला आता व्हायरस लागायचा न्हाई," रणपिसे सकाळी खुशीत म्हणाले. "तुमची सगळी कागदं मी आधी काढून ठेवली व्हती. एक बी गेलं न्हाई."

कागद गेले नव्हते हे खरं. पत्रिकेची फाईल उघडली. तिच्यात डोक्यावर टिंबं असलेले ए, शेपटीवाले सी, डॉलर आणि उलटी प्रश्नचिन्हं होती. नवरदेवाच्या जागी कंसात एक चांदणी होती.

"हे काय?"

"तुम्ही जुन्या फॉन्टात टाईप केलं व्हतं. त्या फॉन्टात आतून इंग्रजीच असतं, वरनं नुसतं मराठीचं सोंग. तो फॉन्ट न्हाई, तर सोंग उतरलं." हे सांगताना त्यांना दुःख वगैरे काही नव्हतं, उलट आनंदच होता. "आता खऱ्या मराठीत करू. युनिकोडमधी. जगात कुठंबी उघडा, मराठीच दिसंल."

"जगात नको, भांडगावला दिसू दे!" मी ओरडलो. "आणि प्रिंटर का चालत नाही? आणि सुनंदाच्या गाण्यांची सीडी?"

"त्येचं बघू. पाच मिनिटांचं..."

"रणपिसे!"

चार दिवसांत पत्रिका छापखान्यात जायला हवी होती आणि माझी सेकंड शिफ्ट संपत नव्हती, त्यात या खऱ्या मराठीत मला एक अक्षर टाईप करता येत नव्हतं. शेवटी रणपिसेच म्हणाले, "मी टाईप करतो. तुमचा मूळ कागद द्या." मी तो लढाईचा नकाशा त्यांच्या हातात दिला. दुसरा इलाज नव्हता. दोन सकाळी ते माझ्या घरी ठाण मांडून बसले. तिसऱ्या सकाळी मला प्रूफ दाखवलं. मी नवऱ्याचं नाव पाहिलं, नवरीचं पाहिलं, तिथी, वेळ, कार्यालय पाहिलं. सगळं सुरेख. यादी पाहिली नाही, कारण यादी मला पाठ होती.

पत्रिका छापून आल्या. सुनीलने छापखान्यातूनच उचलल्या आणि दोन दिवसांत वाटूनही टाकल्या. तिसऱ्या दिवशी आबांचा, माझ्या वडिलांचा, गावाहून फोन आला.

"पत्रिका बघितलीस का?"

"बघितली की."

"निमंत्रकात पयलं नाव वाच."

मी रुमालाखालून पत्रिका काढली. पहिलं नाव, अंकुशतात्या. दुसरे अशोकराव, ज्यांना आम्ही भिडेखातर घातलं होतं. चेअरमन मध्यात कुठं तरी. माजी सरपंच त्यांच्या खाली, तालमीतल्या दोन पोरांच्या मधे. आणि हौसेरावमामा तळाला. अगदी तळाला नाही, शेवटून दुसरे.

मी शेजारच्या दारावर लाथच मारणार होतो, पण ते उघडंच होतं.

"हे काय केलंत?"

"अकारविल्हे लावली," रणपिसे म्हणाले. "तुमच्या कागदावर कोण वर, कोण खाली काय कळंना. बाण एकमेकात गेलेले. म्हणलं, अक्षरं बरी. त्यांना भावकी न्हाई. भांडणाचा सवालच न्हाई."

"भांडणाचा सवालच नाही?"

"अंकुशतात्या लई खूश असतील," ते म्हणाले.

अंकुशतात्या घाबरून त्यांच्या मेव्हण्याच्या गावाला निघून गेले होते.

मी रणपिशांशी बोलणं सोडलं. बसमध्ये ते आले की मी डोळे मिटायचो, आणि आता सोंग घेण्याची गरज नव्हती, मला खरोखर त्यांचं तोंड बघायचं नव्हतं. चेअरमन आणि सरपंच यांची आबांनी कशीबशी समजूत घातली. हौसेरावमामांनी मात्र निरोप पाठवला की लग्नाला त्यांची वाट पाहू नये, वरमामा म्हणून अंकुशला उभा करावा. आईने जेवण टाकलं. आबांनी मला फोनवर हुकूम दिला, "शिरूरला जा. आन् ज्यानं हा उद्योग केलाय त्यालाबी संगं घेऊन जा."

सुट्टीच्या दिवशी सकाळी रणपिसे स्कूटर घेऊन दारात उभे. दर सुट्टीला ते स्कूटर काढून कुठंतरी जायचे, कुठं ते आम्ही कुणी विचारलं नव्हतं. बसमध्ये त्याबद्दल दोन-तीन तर्क होते, एकही चांगला नव्हता.

"चला," ते म्हणाले. "येताना वाटेत अक्काकडं पाच मिनिटं थांबू. माझी थोरली बहीण."

मी मागे बसलो. चौफुल्यावरून आत वळलो, न्हावरा मागे टाकलं, शिरूर आलं, तोवर मी एक शब्द बोललो नाही. ते मात्र वाऱ्यात ओरडून सांगत होते की 'डिफॉल्ट'ला अजून नीट शब्द सापडत नाही.

मामा ओट्यावर बसले होते. शेजारी पत्रिका.

"या भाचे," ते म्हणाले. "बरं झालं आलात. माझं नाव हाय कुठं ते दाखवा. माझी नजर आता तेवढ्या खालपतोर जात न्हाई."

मी पाया पडायला वाकलो, तेवढ्यात रणपिसे पुढे झाले. "मामा, ह्यात शितोळ्यांची चूक न्हाई. माझी हाय. पण खरं बघितलं तर चूक न्हाईच."

मी वाकलेलाच राहिलो. वर व्हायचा धीर होईना.

"नावं बाराखडीपरमानं लावली," रणपिसे म्हणाले.

"आमची भावकी काय बाराखडी हाय व्हय?"

"न्हाई, पण बघा तर. अंकुश का पयला? अ पयला म्हणून. तुमचा ह. ह च्या पुढं ळ. ळ वरनं कुणाचं नाव न्हाई. मग क्ष. तेबी कुणी न्हाई. मग ज्ञ."

मामांचं बोट पत्रिकेवरून घसरत शेवटच्या ओळीवर आलं. तिथं होते ज्ञानदेवराव. मामांचे चुलतभाऊ. बांधावरून दोघांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं.

"ज्ञ शेवटी?" मामांनी विचारलं.

"शेवटी. ह्याच्यापुढं अक्षरच न्हाई."

"म्हंजी ज्ञानदेवाच्या खाली कुणीच न्हाई."

"कोणच न्हाई. आन् तुम्हाला सांगतो, कॉम्प्युटर त्यांना वर नेत व्हता. ज मधी, जयसिंगरावांच्या शेजारी. ज आन् ञ मिळून ज्ञ व्हतो, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं न्हाई. शाळेत आपण ज्ञ कुठं शिकलो? शेवटी! म्हणून मी त्यांना हातानं खाली आणलं."

मामांनी ती शेवटची ओळ बोटाने पुन्हा एकदा वाचली.

"हातानं?"

"हातानं."

"आगं ए," मामांनी आत हाक दिली, "चहा टाक. साखर बरी घाल." मग पत्रिका घडी करून खिशात ठेवत मला म्हणाले, "हा माणूस हुशार हाय. ह्याला लग्नाचं आवतण दिलंय का?"

पाचशे पत्रिका वाटल्या होत्या. शेजारच्या खोलीत एक द्यायची मला सुचली नव्हती.

"पत्रिका हाय की माझ्याकडं," रणपिसे म्हणाले. "मीच तर टाईप केली."

परतताना न्हावऱ्याच्या अलीकडे त्यांनी स्कूटर आतल्या रस्त्याला घातली. दोन खोल्यांचं घर, निळं दार, दारावर पंचशीलाचा छोटा ध्वज. आत खुर्चीत एक बाई बसलेल्या. साठीच्या पुढच्या, अंगापिंडाने भरलेल्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवलेला म्हणजे कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. समोर टेबलावर कॉम्प्युटर.

त्यांनी मला पाहून घशातून एक आवाज काढला.

"व्हय," रणपिसे म्हणाले. "हेच ते शितोळे."

अक्का आरोग्य केंद्रात आया होत्या. आवाज असा की त्या गल्लीच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाला कळायचं. आई लवकर गेली, तेव्हा शाळा सोडून धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलेलं. दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. डोकं मात्र लख्ख. शेजारीण दोन वेळा येऊन सगळं करून जायची. हे मला रणपिशांनी दारात चपला काढता काढता सांगितलं.

ते टेबलाशी स्टूल ओढून बसले. पडद्यावर सगळं मराठी होतं. वरच्या पट्टीत उघडा, ठेवा, उसवा. आमच्या बसमधले शब्द. खाली फायली, त्यांची नावं सोमवार, मंगळवार, बुधवार. आठवडाभर डाव्या हाताच्या एका बोटाने अक्का जे बोलायचं ते लिहून ठेवायच्या, आणि सुट्टीला येऊन भाऊ ते वाचायचा. रणपिशांनी सोमवार उघडला.

"मग? तू काय केलंस?" त्यांनी पडद्याकडे बघत विचारलं. अक्कांनी भुवया उडवल्या. "बरं केलंस!" ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. तोवर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. सोमवार संपला, मंगळवार उघडला. शेजारणीच्या शेळीने काय खाल्लं, नर्सबाईंची बदली कुठं झाली, कुणाच्या सुनेला दिवस गेले. ते प्रत्येक गोष्टीला उत्तर देत होते, प्रश्न विचारत होते, आणि त्या मान हलवत, डोळे वटारत, अर्ध्या तोंडाने हसत होत्या. पाच मिनिटांचा तास झाला. मला घाई करावीशी वाटली नाही.

मग ते टेबलाखाली वाकून बॅटरीची वायर तपासायला लागले. तिथूनच, वायरीशी बोलावं तसं म्हणाले, "पयल्यांदा इंग्रजी व्हतं. बंद करताना चौकट येती, ठेवायचं का न्हाई म्हणून. हिला काय कळणार? दाबलं कायतरी. आठवड्याचं सगळं गेलं. मी आलो तर कागद कोरा."

"मग?"

"मग काय. रडली न्हाई. नुसती माझ्याकडं बघत बसली." ते बाहेर आले, हात झटकले. "दळण आणतो. गिरणी बंद व्हईल." ज्वारीचा डबा उचलून ते स्कूटरवरून गेले.

मी आणि अक्का दोघंच राहिलो. तेवढ्यात त्यांनी कळफलक जवळ ओढला आणि डावं बोट एकेका अक्षरावर नेऊ लागल्या. मी उठून मागे उभा राहिलो.

'तो तिकडे कुणाशी बोलतो'

"सगळ्यांशी, अक्का," मी म्हणालो. "बसमध्ये तर विचारू नका. सकाळी चढलं की जे सुरू होतं ते कुरकुंभ येईपर्यंत. एकालाही सोडत नाहीत."

त्या हसल्या नाहीत. बोट पुन्हा फिरू लागलं. या वेळी जास्त सावकाश.

'आणि त्याच्याशी कोण बोलतं'

मी पडद्याकडे बघत राहिलो. त्या माझ्याकडे बघत होत्या. बाहेर एक कोंबडी ओट्यावर चढली, उतरली. सेकंड शिफ्ट, लग्नाची गडबड, असं काहीबाही ओठावर आलं, पण त्या बाईपुढे ते काढता आलं नाही.

स्कूटरचा आवाज आला. अक्कांनी एक कळ दाबून धरली. एकेक अक्षर करत दोन्ही ओळी पुसल्या गेल्या. रणपिसे डबा घेऊन आत आले तेव्हा पडद्यावर एवढंच होतं, 'पाहुण्यांना पाणी दे.'

निघताना उन्हं कलली होती. चौफुल्याला रणपिशांनी स्कूटर थांबवली. चाकात हवा कमी वाटत होती म्हणे. ते वाकून टायर दाबून बघत होते. मी बाजूला उभा होतो.

"रणपिसे, संध्याकाळी जेवायचं काय करता?"

त्यांनी मान वर केली. प्रश्न नीट ऐकू आला नसावा असं मला वाटलं.

"भात टाकतो," ते म्हणाले.

"रोज?"

"भाकरी एकट्यापुरती थापायची म्हंजी..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं आणि फडकं काढून पुसलेलाच आरसा पुसायला लागले.

मी खिशातून मोबाईल काढला आणि घरी लावला.

"मामांचं मिटलं," मी सुनंदाला सांगितलं. "येतोय. दोन भाकरी जास्त टाक."

"कोण आहे बरोबर?"

"रणपिसे."

पलीकडे एकदम शांतता. त्या शांततेत मला क्रोशाचा रुमाल, गाण्यांची सीडी आणि गेले पंधरा दिवस सगळं ऐकू आलं. मग तव्यावर काहीतरी चर्र झालं.

"वांगं तिखट झालंय," ती म्हणाली. "त्यांना चालतंय का विचारा."

मी फोनवर हात ठेवून विचारलं. रणपिशांनी फडक्याची घडी केली, ती मोडली, पुन्हा केली, आणि सीटखाली ठेवली.

"चालतंय म्हणावं," ते म्हणाले.